डावं-उजवं कुठे ठरतं?

औंढा नागनाथाला पहिल्यांदा आलेला माणूस नंदी शोधत राहतो. महादेवाच्या देवळात नंदी समोर असायचा. इथे तो देवळाच्या मागे आहे. हिंगोली जिल्ह्यात कुणालाही कारण विचारा, नामदेवांची गोष्ट ऐकायला मिळते. देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून नामदेव मागच्या अंगाला जाऊन उभे राहिले, आणि देवळानेच त्यांच्याकडे तोंड फिरवलं. भक्तीच्या अंगाने या कथेचा अर्थ महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला तिच्यात आणखीही काही दिसतं. देवळाने तोंड फिरवलं त्या क्षणी उत्तर दिशा त्याच्या एका हाताला होती ती दुसऱ्या हाताला गेली. म्हणजे डावं-उजवं हे स्वतःच्या बळावर उभंच राहत नाही. वर कुठे आणि समोर कुठे हे आधी ठरावं लागतं, तेव्हा कुठे डाव्या हाताला अर्थ येतो.

आईच्या पोटातल्या गर्भाचंही अगदी असंच आहे. डोक्याकडची बाजू कोणती आणि पायाकडची कोणती, पाठ कुठे आणि पोट कुठे, हे आधी ठरतं. त्यानंतर डावं-उजवं. पण हृदय डावीकडे झुकायचं, यकृत उजवीकडे जायचं, जठर डावीकडे, आतड्याची वेटोळी ठरावीक दिशेने पडायची, हे पेशींना सांगणार कोण? वर-खाली सांगायला गुरुत्वाकर्षण तरी आहे. डावीकडे ओढणारी शक्ती गर्भाच्या आसपास कुठेच नाही. तरीही दर पिढीत, जवळजवळ प्रत्येक मूल काळीज डावीकडे घेऊनच जन्माला येतं. हे कसं होतं ते शोधायला माणसाला दोनशे वर्षं लागली, आणि वाट दाखवली ती सतत खोकणाऱ्या, नाक कधीच मोकळं नसलेल्या रुग्णांनी.

सगळे अवयव आरशात पाहिल्यासारखे उलटे असलेली माणसं शवविच्छेदन करणाऱ्यांना अधूनमधून भेटत आली होती. 1788 साली लंडनच्या मॅथ्यू बेली याने अशा एका पुरुषाच्या शरीराचं बारकाईने वर्णन प्रसिद्ध केलं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे. सगळंच उलटं असल्याने अवयवांची आपापसातली जुळणी मात्र बिनचूक होती, आणि तो माणूस प्रौढ वयापर्यंत जगलाही होता. आज आपल्याला ठाऊक आहे की असा माणूस साधारण दहा हजारांत एक असतो. बेलीच्या काळी ते निसर्गाचं नवल होतं, एवढंच.

नवलाचा प्रश्न व्हायला विसावं शतक उजाडलं. जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्याचा विद्यार्थी हेर्मान फाल्केनबर्ग यांनी पाणसरड्याची अंडी केसाच्या फासाने मधोमध आवळली. एका अंड्यातून डावं आणि उजवं अशी जुळी भावंडं तयार झाली. 1919 साली त्यांनी निष्कर्ष छापला: डाव्या जुळ्याचे अवयव सरळ असतात, उजव्या जुळ्यांपैकी मात्र सुमारे निम्म्यांचे उलटे. हा निम्म्याचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या सबंध इतिहासात तो पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा अधिक उलगडतो.

इथेच ही कथा पुण्याजवळून जाते. श्पेमानने उभयचरांत जे शोधलं, म्हणजे शेजारच्या पेशींना हुकूम देऊन अख्खं शरीर रचायला लावणारा छोटासा भाग, तोच कोंबडीच्या गर्भात हेन्सन गाठ या नावाने ओळखला जातो. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी 1930 च्या दशकात पक्ष्यांच्या गर्भातल्या या गाठीची ताकद दाखवून दिली. पुढे एडिंबरोला त्यांच्याकडे शिकायला गेल्या त्या लीला मुल्हेरकर. 1958 साली त्यांचा कोंबडीच्या गर्भावरचा शोधनिबंध ब्रिटनमधल्या गर्भविज्ञानाच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. मधल्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या भागांत शेजारच्या पेशींना घडवण्याची किती क्षमता आहे, हा त्याचा विषय. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी विद्यार्थी घडवले आणि पुण्यात गर्भविज्ञानाची एक परंपराच उभी केली. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनी कोंबडीच्या गर्भावर आणि हायड्रावर केलेलं काम त्याच परंपरेतलं.

हे काम हाताने कसं करतात ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अंडं अठरा तासांच्या आसपास उबवायचं. मग ते मिठाच्या पाण्यात फोडून पिवळा बलक अलगद मोकळा करायचा. बलकावरचं तलम आवरण गर्भासकट कापून घ्यायचं आणि घड्याळाच्या काचेत ठेवलेल्या काचेच्या कड्यावर ताणून बसवायचं, खाली पातळ पांढऱ्याचा थर. डेनिस न्यू याने 1955 साली ही पद्धत दिली आणि जगभर ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. यात गर्भ पोट वर करून पडलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध एक फिकट रेघ, रेघेच्या टोकाशी एक बारीक खळगा असलेला उंचवटा: हीच हेन्सन गाठ. पुढच्या वीसेक तासांत डोळ्यांदेखत हृदयाची सरळ नळी एका कुशीला वाकू लागते आणि धडधडू लागते. पाहणाऱ्याला ती डावीकडे वाकताना दिसते. गर्भ पोट वर करून असल्याने ती गर्भाची उजवी बाजू असते. नव्या विद्यार्थ्याची इथे हमखास गफलत होते. मुल्हेरकरांच्या पिढीचा प्रश्न डाव्या-उजव्याचा नव्हता, ऊतक एकमेकांना कसे घडवतात हा होता. पण डाव्या-उजव्याचा निकाल त्याच गाठीशी लागतो, हे 1995 साली हार्वर्डच्या क्लिफ टॅबिन यांच्या गटाने कोंबडीच्याच गर्भात दाखवलं: गाठीच्या डाव्या अंगाला काही जनुकं चालू होतात आणि उजव्या अंगाला बंद राहतात, तेही अवयव वाकायच्या कितीतरी आधी.

मात्र जनुकांना तरी डावं कोणतं ते कुणी सांगितलं? उत्तराची पहिली खूण तोवर वीस वर्षं जुनी झाली होती, आणि ती गर्भविज्ञानातून आलेलीच नव्हती.

तिची सुरुवात त्याहूनही मागची. 1933 साली झुरिचच्या मानेस कार्टागेनर या डॉक्टरने चार रुग्णांची हकिगत छापली. चौघांनाही कायमचा कफ, फुफ्फुसातल्या नळ्या फुगून सैल पडलेल्या, नाकाच्या पोकळ्या सुजलेल्या, आणि चौघांचेही अवयव उलटे. अशी एक नोंद त्याआधी 1904 साली झालेली होती. नाव कार्टागेनरचं लागलं आणि चाळीस वर्षं डॉक्टर या त्रिकुटाकडे नुसते पाहत राहिले. हृदय उजवीकडे असण्याचा आणि नाक वाहण्याचा संबंध काय?

तो जोडला स्टॉकहोमच्या ब्यॉर्न अफझेलियस यांनी. डॉक्टर नव्हते ते; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर आयुष्य घालवलेले पेशीशास्त्रज्ञ. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात. मराठीत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे सिलियाच म्हणतात. हे केस एका तालात हलून कफ, धूळ, जंतू वर ढकलत राहतात. पुरुषबीजाच्या शेपटीचीही आतली बांधणी हीच: कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन नळ्या, आणि कडेच्या प्रत्येक जोडीला चिकटलेले बारीक हात. हे हात 1959 साली सागरी अर्चिनच्या पुरुषबीजात स्वच्छ दाखवले ते अफझेलियस यांनीच. ते ज्या प्रथिनाचे बनलेले आहेत त्याला पुढे इयन गिबन्स यांनी डायनीन हे नाव दिलं. एका नळीवरचा हात शेजारच्या नळीला धरून सरकतो, म्हणून केस वाकतो.

1970 च्या दशकात मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या काही पुरुषांची पुरुषबीजं जिवंत पण निश्चल आढळली. अफझेलियस यांनी त्यांच्या शेपटीचा आडवा छेद पाहिला, तर डायनीनचे हात गायब. त्यांच्यातल्या बहुतेकांना लहानपणापासून खोकला आणि सर्दी होती; श्वासनलिकेतले केसही हलत नव्हते. आणि काहींचं हृदय उजवीकडे. 1976 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अफझेलियस यांनी हे सगळं एकत्र मांडलं, आणि त्याला जोडून एक धाडसी तर्क केला. गर्भात कुठेतरी असेच हलणारे केस असले पाहिजेत, आणि त्यांच्या हालचालीची दिशाच अवयवांना डावं-उजवं सांगत असली पाहिजे. ते हललेच नाहीत तर निर्णय नशिबावर जातो: निम्मे सरळ, निम्मे उलटे. श्पेमानच्या पाणसरड्यांतला तो निम्मा आकडा इथे माणसांत उभा राहिला. गर्भातला असा एकही केस त्या वेळी कुणी हलताना पाहिलेला नव्हता. माझ्या मते सबंध गर्भविज्ञानात इतक्या थोड्या पुराव्यावर इतका अचूक लागलेला तर्क क्वचितच सापडेल.

योगायोग असा की त्याच 1976 साली अमेरिकेत लेटन यांनी उंदरांच्या एका विकृत जातीचा हिशोब छापला. 1959 साली नोंदलेल्या या जातीत निम्मी पिल्लं सरळ आणि निम्मी उलटी निपजत. उलट्या-उलट्यांचा संकर केला तरी पुन्हा निम्मी-निम्मीच. म्हणजे बिघडलेलं जनुक उलटं करायला सांगत नव्हतं. दिशा सांगणारा आवाजच बंद पडला होता. ते जनुक डायनीनच्याच एका प्रकाराचं आहे हे 1997 साली सिद्ध झालं.

आणि मग 1998, टोकियो. नोबुताका हिरोकावा यांची प्रयोगशाळा पेशीतल्या वाहतुकीवर काम करायची. कायनेसिन नावाची प्रथिनं पेशीच्या आतल्या नळ्यांवरून माल वाहून नेतात. त्यांतलं एक काढून टाकलं तर काय होतं ते पाहायला त्यांनी उंदीर तयार केले. गर्भ पोटातच दगावले, पण जेवढे वाढले त्यांतल्या निम्म्यांचं हृदय उलट्या बाजूला वळलेलं होतं. उंदराच्या गर्भातल्या तशाच गाठीच्या खळग्यात पाहिलं तर तिथले केस उगवलेच नव्हते, कारण केस बांधायचं सामान टोकापर्यंत पोचवणारा हमालच नाहीसा झाला होता. शिगेनोरी नोनाका यांनी मग निरोगी गर्भाच्या गाठीत पाहिलं. या केसांना मधल्या दोन नळ्या नसतात, म्हणून ते हलत नाहीत असंच पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात ते गरगर फिरत होते, सेकंदाला सुमारे दहा फेरे. द्रवात सोडलेले चिमुकले मणी सगळे एकाच दिशेने वाहत गेले: गर्भाच्या डावीकडे.

गोल फिरणारा केस द्रव एकाच बाजूला कसा नेईल, हा प्रश्न रास्त आहे. नरसीला नामदेवांच्या मंदिराला आपण प्रदक्षिणा घालतो ती कळसावरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. (महादेवाची प्रदक्षिणा इथे धरू नये, तिथे सोमसूत्र ओलांडत नाहीत.) गाठीतला केसही, टोकाकडून पाहिला तर, याच दिशेने फिरतो. आता तो केस सरळ उभा नसून शेपटीकडे कललेला आहे. फेऱ्याच्या एका अर्ध्या भागात तो ताठ उभा राहून डावीकडे जातो आणि बराच द्रव सोबत नेतो. उरलेल्या अर्ध्यात तो पेशींच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून उजवीकडे परततो. तिथे द्रव पृष्ठभागाला धरून असतो, हलत नाही. जमाखर्च डावीकडे शिल्लक पडतो. एवढ्यासाठी लागतं काय, तर डोकं-शेपूट ठरलेलं असणं, पाठ-पोट ठरलेलं असणं, आणि केसाची फिरण्याची दिशा ठरलेली असणं. पहिल्या दोन गोष्टी गर्भाला आधीपासून ठाऊक असतात. तिसरी डायनीनच्या हातांच्या रचनेतच आहे: एका टोकाकडून पाहिलं तर ते सगळे एकाच वळणाने लागलेले असतात, कारण प्रथिनं ज्या रेणूंची बनतात त्यांनाच मुळात हाताची बाजू असते. अवयवाचं डावेपण रेणूच्या डावेपणापर्यंत असं मागे नेता येतं.

पटत नसेल तर 2002 सालचा प्रयोग. जपानमध्येच हिरोशी हमादा यांच्या गटात नोनाका यांनी उंदराचे गर्भ एका बारीक कप्प्यात धरून त्यांवरून कृत्रिम प्रवाह सोडला. निरोगी गर्भावर जोराने उजवीकडे प्रवाह सोडला की अवयव उलटे झाले. ज्यांचे केस हलतच नाहीत अशा गर्भांत तर प्रवाह ज्या बाजूला, तीच डावी बाजू झाली. 2012 साली हमादांच्याच गटाने दाखवलं की सगळ्या खळग्यात अवघे दोन केस फिरते राहिले तरी काम भागतं. उंदराच्या गाठीत एरवी ते दोनशेच्या वर असतात.

हिरोकावांच्या उंदरांत जो हमाल काढून टाकला होता त्याच कुळातल्या कायनेसिनवर मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानु राय यांच्या गटाने फळमाशीत काम केलं. 2003 साली आयोवाच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की तो नसला तर माशीला ऐकू येण्यासाठी लागणारे केस बांधले जात नाहीत, पण पुरुषबीजाची शेपटी त्याच्याशिवायही तयार होते. एकच अवजार निसर्ग कुठे वापरतो आणि कुठे टाळतो, हे अशा कामातूनच कळतं. काचेच्या कड्यावरच्या कोंबडीच्या गर्भानेही असाच धक्का दिला. 2009 साली स्पष्ट झालं की कोंबडीच्या गाठीत प्रवाह नाहीच. तिथे पेशीच डावीकडे सरकतात आणि गाठ वाकडी होते. डुकरातही केसांचा प्रवाह नाही. उंदीर, ससा, मासा आणि बेडूक यांनी घेतलेली वाट कोंबडीने सोडून दिली, आणि मुक्काम मात्र एकच गाठला.

प्रवाह वाचतो कोण, यावर वीस वर्षं वाद चालला. एक पक्ष म्हणे, प्रवाहाबरोबर काही रेणू डावीकडे जमा होतात. दुसरा म्हणे, खळग्याच्या कडेचे न हलणारे केस प्रवाहाने वाकतात आणि पेशीत कॅल्शियम शिरतं. जानेवारी 2023 मध्ये ‘सायन्स’मध्ये बॉस्टनच्या आणि जपानच्या गटांनी एकाच वेळी निबंध छापले, एकाने माशात, दुसऱ्याने उंदरात. लेसरच्या प्रकाशाच्या चिमट्याने त्यांनी कडेचा एकेक केस धरून हलवला. पेशीने प्रतिसाद दिला, आणि माशात तर नुसतं असं हलवण्यानेच दिशा ठरवता आली. दुसऱ्या पक्षाचं पारडं तेव्हापासून चांगलंच जड आहे. प्रकाश वस्तूला ढकलू शकतो हे खरं वाटत नसेल, तर औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी जी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे तिच्या शास्त्रज्ञांना विचारावं. तिथल्या आरशांवरचा लेसरचा दाबही त्यांना हिशोबात धरावा लागणार आहे.

हे सगळं मराठवाड्याला दूरचं वाटण्याचं कारण नाही. केस न हलण्याचा हा आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. आजवर अशी पन्नासाहून जास्त जनुकं सापडली आहेत. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि नात्यात लग्न झालं की एकच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. जन्मल्यापासून ओलं नाक, पहिल्याच दिवसांत श्वासाचा त्रास, बारमाही ओला खोकला, वाहणारे कान असं मूल आपल्याकडे दवाखान्यामागून दवाखाने पाहतं. मोठं झालं की कफ पाहून क्षयाचे उपचारही सुरू होतात. एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसलं की आधी फिल्म उलटी लागली की काय हे पाहिलं जातं. ती सरळ असेल तर जाणत्या डॉक्टरला अफझेलियस आठवतात आणि तो नाकातल्या वायूची किंवा पेशींची पुढची तपासणी सुचवतो. निदान लवकर झालं तर रोज कफ काढण्याचे व्यायाम आणि वेळच्या वेळी औषधं यांनी फुफ्फुसं पुष्कळ वाचतात.

पण निम्म्यांचा तो आकडा इथे उलटा फिरतो. केस हलत नसलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांचं हृदय, निव्वळ नशिबाने, डावीकडेच असतं. त्यांच्या एक्स-रेकडे पाहून कुणालाही शंका येत नाही, आणि त्यांचं निदान सगळ्यांत उशिरा होतं.